फुटपाथ आहे, पण सलग नाही: गेटागेटाशी तुटणारा रस्ता

चालतीबोलती (धागाकर्ती), मंगळवार रात्री

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्ष होत आलं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. आम्ही कोथरूडला राहतो. रस्ता चांगला ऐंशी फुटी, दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ. बाहेरगावचा पाहुणा आला की म्हणतो, वा, काय सोय आहे! आई मात्र वॉकर घेऊन खालून, रस्त्यावरूनच चालते. एका हाताला उभ्या गाड्या, दुसऱ्या हाताला पळत्या, मधल्या बोळातून तिची टकटक चालू. मी दोनदा ओरडले तिच्यावर. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू चाल बघू वरून. माझा वॉकर घेऊन चाल."

चालले. आमच्या गेटापासून वाण्याच्या दुकानापर्यंत साधारण तीनशे मीटर. तेवढ्यात अकरा गेटं. प्रत्येक गेटाशी फुटपाथ खाली उतरतो, गाडी जाण्यापुरता रस्त्याला टेकतो आणि पुन्हा वर चढतो. काही ठिकाणी उतार केलाय, तोही असा की वॉकर हातातून पुढे पळतो. बाकी ठिकाणी सरळ पायरी. आईने आयुष्यभर ब्लाउज शिवले. दुसऱ्या दिवशी तिचीच टेप घेऊन मोजायला गेले. सगळ्यात उंच कर्ब, म्हणजे फुटपाथची रस्त्याकडची कड, २७ सेंटीमीटर भरला. आमच्या जिन्याची पायरी १६ आहे. म्हणजे पावशेर रवा आणायचा तर जाऊन-येऊन बावीस वेळा उतरा आणि बावीस वेळा चढा.

रुंदीबद्दल तक्रार नाही हं. बहुतेक ठिकाणी १.८ ते २ मीटर आहे. पण चालणारं माणूसच खाली असेल तर ती रुंदी काय करायची?

जाणकारांना एवढंच विचारायचंय: गाडीला आत जायचं असतं, तर दर वेळी खाली फुटपाथच का उतरतो? गाडीने का चढू नये?

गिअर_गणेश

ताई, काकूंना लवकर बरं वाटो. पण हे जरा पुस्तकी होतंय. मी रोज कर्वे रस्त्यावरून येतो. गेटात वळताना मागे तीन रिक्षा हॉर्न मारत असतात. त्यात समोर चढ आला आणि गाडी बंद पडली की झालं कल्याण. शिवाय रस्ता गाड्यांसाठीच असतो हो, कर भरतो आम्ही. आहे त्या फुटपाथवर आधी लोक चालतात का ते बघा.

अवांतर: फुटपाथ रुंद करा म्हणणाऱ्यांनी पार्किंग कुठे करायचं तेही सांगावं.

पीएमटीचा_जुना_पास

गणेशराव, कर काकूही भरतात. तुमच्या आधीपासून.

रेखांकन

वीस वर्षं रस्त्यांची ड्रॉइंगं काढतोय, म्हणजे या पापात माझाही वाटा आहे. सविस्तर लिहितो.

ड्रॉइंग कसं सुरू होतं ते आधी सांगतो. मधली रेषा मारायची. तिच्या दोन्ही बाजूंना गाड्यांचा रस्ता काढायचा, साडेतीन-साडेतीन मीटरच्या लेन. मग दुभाजक. भिंतीपर्यंत जे उरेल त्याचं नाव फुटपाथ. म्हणजे आधी पाहुणे जेवून उठतात आणि उरलेल्यात घरचे. झाड, विजेचा खांब, डीपी (विजेची मोठी पेटी), बसथांब्याची शेड, कचऱ्याचा डबा, सगळं त्या उरलेल्यातच.

खरं तर फुटपाथ म्हणजे तीन पट्टे असतात. भिंतीला किंवा दुकानाला लागून एक छोटा, जिथे माणूस थबकतो, बघतो. मधला चालायचा, त्यात काहीही नको. आणि कर्बालगतचा तिसरा, झाडं, खांब, बाक, डीपी यांच्यासाठी. इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठी वेगळं मार्गदर्शक आहे, आयआरसी १०३. त्यानुसार मधला पट्टा किमान १.८ मीटर मोकळा हवा, डोक्यावर २.२ मीटर मोकळं हवं आणि कर्ब १५ सेंटीमीटरहून उंच नको. तुमचा २७ चा कर्ब बसवताना कुणी ते उघडून पाहिलेलं नाही.

आता गेट. गाडीचा चढ त्या तिसऱ्या पट्ट्यात बसवायचा. पंधरा सेंटीमीटर चढायला दीड मीटर लांबीचा उतार पुरे. मधला पट्टा जसाच्या तसा, त्याच पातळीत, त्याच फरशीचा पुढे जातो. गाडी वर येते, चालणाऱ्याला वाट देते आणि आत जाते. गाडी बंद वगैरे पडत नाही, गणेशराव. मॉलच्या तळघरातला उतार यापेक्षा कितीतरी उभा असतो आणि तिथे तुम्ही पहिल्या गिअरमध्ये गाणी ऐकत चढता.

मग असं होत का नाही? एक, तिसरा पट्टाच नसतो, त्यामुळे उतार बसवायला जागा नसते. दोन, फुटपाथचं काम रनिंग मीटरवर, म्हणजे नुसत्या लांबीवर मोजलं जातं. सलग आहे का, याचं मोजमाप बिलात नसतं. तीन, काम चालू असताना प्रत्येक सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणतात, "आमच्या गेटाशी जरा खाली घ्या, गाडी घासते." मुकादम घेतो खाली. आणि चौथं कारण सगळ्यात चिवट. डांबराचा जुना थर न खरवडता वर नवा थर पडतो. रस्ता वर आला की पावसाचं पाणी कंपाउंडात शिरतं, मग पुढच्या कामात फुटपाथ जुन्याच फुटपाथच्या डोक्यावर चढवतात. २७ सेंटीमीटर एका दिवसात होत नाहीत. त्यात दोन-तीन कंत्राटं पुरलेली असतात.

पांढरी_काठी

धागा उत्तम. स्क्रीन रीडरवर वाचतोय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या.

मला जन्मापासून दिसत नाही. तुमच्या आईंना त्रास देणारी पायरी मला तितका त्रास देत नाही, कारण पायरी काठीला कळते. मला घोळात टाकते ती फुटपाथवरची पिवळी पट्टी, पायाला आणि काठीला कळणाऱ्या उठावाच्या फरशांची. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी काढल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंध मुलांच्या शाळेजवळ त्या पहिल्यांदा बसल्या. भाषा अगदी सोपी: लांब रेघा म्हणजे सरळ चल, गोल टिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे.

आमच्या भागात ही भाषा कवितेसारखी वापरलीय. टिपके दिसायला छान म्हणून सलग पन्नास फूट टिपके. म्हणजे पन्नास फूट मी थांबतोय. एके ठिकाणी रेघा मला इमानदारीत विजेच्या डीपीच्या दारात नेऊन सोडतात. पहिल्यांदा कपाळाला टेंगूळ आलं. आता तो डीपी माझा मैलाचा दगड आहे, तिथून बारा पावलांवर चहावाला.

एक मात्र रेखांकन यांना सांगायचंय. फुटपाथ गेटाशी सलग ठेवाल तेव्हा तिथे टिपक्यांची एक ओळ द्या. नाहीतर गाडी कुठून आडवी येणार ते मला कळणार नाही. पातळी बदलली की मला खबर मिळते, ती खबर तुम्ही काढून घेताय.

रेखांकन

मान्य. हे आम्ही विसरतो. व्हीलचेअरला गुळगुळीत हवं, काठीला खूण हवी. चौकात उतार रस्त्याला अगदी सपाट मिळवला की तिथे टिपके हवेतच, नाहीतर काठीला रस्ता सुरू झाल्याचं समजत नाही.

कालव्याकाठी

मूळची सांगलीची, नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला. धागाकर्तीने विचारलेला प्रश्न इथे रोज पायाखाली असतो म्हणून लिहिते.

माझ्या घराच्या कोपऱ्यावर छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते. तिथे फुटपाथ तुटतच नाही. तीच करडी फरशी गल्लीच्या तोंडावरून आडवी पुढे जाते. कर्बाच्या जागी तिरके सिमेंटचे ठोकळे बसवलेले असतात, कारखान्यातून तयार येणारे. गाडी त्यावरून टुणकन वर येते आणि टुणकन उतरते. त्या फरशीवर गाडी पाहुणी असते. कायद्यानेही तिने सगळ्यांना वाट द्यायची. पाटी नाही, हवालदार नाही. टायरला धक्का बसतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो.

"तिकडचं वेगळं हो" असं म्हणायच्या आत सांगते. हे लोक काही सायकलवर जन्मले नव्हते. पन्नास-साठच्या दशकांत इथेही चौक गाड्यांनी भरले होते. १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं. मग "मुलांची हत्या थांबवा" या नावानेच आंदोलन उभं राहिलं, आईबाप रस्त्यावर बसले. डेल्फ्टच्या लोकांनी आपल्या गल्ल्यांत झाडं, बाक, वळणं घालून गाड्यांचा वेग माणसाच्या चालीवर आणला आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात जागा मिळाली.

फक्त एक शंका. इथे भुरभुर पाऊस पडतो. पुण्यात ऑगस्टमध्ये ढग फुटल्यासारखं कोसळतं. गेटाशी फुटपाथ सलग केला तर सोसायटीतलं पाणी कुठून बाहेर पडणार?

रेखांकन

नेमका प्रश्न. आज ते पाणी गेटाच्या खळग्यातूनच रस्त्यावर येतं. खळगा भरला तर गेटाच्या आत आडवी जाळीची गटार हवी आणि तिथून फुटपाथखालून पाइप पावसाळी वाहिनीला. फुटपाथला स्वतःला रस्त्याकडे साधारण पन्नासास एक उतार पुरतो, चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. जाळीच्या फटी मात्र चालायच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर वॉकरचा पाय अडकतो.

गिअर_गणेश

ठीक आहे, गेटाचं पटलं. पण तुमचे तीन पट्टे, सायकल ट्रॅक, झाडं, बाक हे सगळं ऐंशी फुटांत बसवून दाखवा. आकडे टाका, नुसत्या गप्पा नकोत.

रेखांकन

घ्या. ऐंशी फूट म्हणजे २४ मीटर. दुभाजक १.२. प्रत्येक बाजूला गाडीरस्ता ६.५, चालायचा पट्टा २.५ आणि मधे २.४ चा एक पट्टा, ज्यात आलटून पालटून झाड, पार्किंग, बसथांबा, गेटाचा उतार, भाजीची गाडी. एका बाजूचे झाले ११.४, दोन्ही बाजू २२.८, अधिक १.२. चोवीस.

६.५ मीटरमध्ये दोन लेन व्यवस्थित बसतात. बस २.६ मीटरहून रुंद नसते. लेन साडेतीनची केली की जादा गाड्या जात नाहीत, आहेत त्याच जोरात जातात. आणि चौकात येऊन सिग्नलला थांबतातच. रस्त्याची क्षमता चौक ठरवतो, मधली रुंदी नव्हे.

सायकल ट्रॅक यात नाही, खरंय. गाड्या ३० च्या आसपास चालत असतील तर सायकलवाला त्यांच्यातच चालू शकतो. ५० वरून ३० वर वेग आला की धडकेची ऊर्जा ३६ टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत असते. वेग कमी करायचा नसेल तर दोन मीटरचा वेगळा ट्रॅक हवा आणि तो पार्किंगमधूनच काढावा लागेल. वेग, पार्किंग, सायकल. तिन्ही हवं म्हणणाऱ्याला मी ड्रॉइंग काढून देऊ शकत नाही.

चालतीबोलती

चौकाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या सिग्नलला चालायचा हिरवा माणूस १५ सेकंद. आईला अर्धा रस्ता ओलांडायलाच तेवढे लागतात. मग ती दुभाजकाच्या टोकाला कण्हेरीच्या झुडपात उभी राहते. त्यातच फ्री लेफ्टवाले, सिग्नल न पाळता डावीकडे वळणारे, थांबत नाहीत.

रेखांकन

हिशेब साधारण सेकंदाला १.२ मीटर या चालीने करतात. तरण्या माणसाची चाल ती. वॉकरवाली व्यक्ती अर्धा मीटर जेमतेम. उपाय दोन: वेळ वाढवा किंवा अंतर कमी करा. चौकात पार्किंगचा पट्टा संपवून फुटपाथ पुढे आणला की दोन्ही बाजू मिळून ओलांडायचे जवळजवळ पाच मीटर वाचतात. दुभाजकात कण्हेरीऐवजी उभं राहायला फरसबंद जागा द्यायची. आणि फ्री लेफ्टसाठी कोपरा जितका गोल कराल तितकी गाडी वेगात वळते. कोपरा टोकदार ठेवा, गाडी आपोआप हळू होते. आमच्याकडे उलट, कोपरा घासून काढणं म्हणजे "सुधारणा".

लक्ष्मीरोडकर

तिसऱ्या पिढीचं कापडाचं दुकान. नाव सांगत नाही, नाहीतर सेल कधी आहे ते विचाराल.

महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद केला होता, पादचारी दिन म्हणून. आम्ही व्यापाऱ्यांनी आधी कुरकुर केली होती, मीही केली. त्या दिवशी काय झालं? लोक रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघत होते. जुन्या वाड्यांचे सज्जे, लाकडी कठडे. माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्याला कोरीव घोडे आहेत हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं, कारण तिथे उभं राहून मान वर करायची सोय कधी नव्हतीच. गल्ला मात्र रोजच्याएवढाच होता. जास्त झाला म्हणणार नाही, बुडालाही नाही.

आता पार्किंगबद्दल खरं बोलतो, भाऊबंद रागावतील. दुकानासमोरच्या गाड्या मी एकदा सकाळी अकराला मोजल्या. चौदा स्कूटर. नऊ आमच्या आणि शेजाऱ्यांच्या नोकरमंडळींच्या, एक माझी. गिऱ्हाइकाच्या चार. आणि आम्ही ओरडत असतो की पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक तुटेल.

भाजीवाल्याचा_पोरगा

वरच्या हिशेबात भाजीची गाडी आली हे बघून बरं वाटलं. नाहीतर फुटपाथची चर्चा सुरू झाली की तिसऱ्या प्रतिसादात "आधी फेरीवाले हटवा" येतंच.

वडील तीस वर्षं एकाच चौकात उभे राहायचे. रात्री साडेदहाला क्लासमधून परतणाऱ्या मुली मुद्दाम त्यांच्या गाडीच्या बाजूने जायच्या, कारण तिथे एक बल्ब आणि एक ओळखीचा माणूस असायचा. रस्त्याचे दिवे उंच, सगळा उजेड गाड्यांवर, खाली झाडाची सावली. फुटपाथवर काळोखच.

२०१४ चा फेरीवाला कायदा म्हणतो सर्वेक्षण करा, शहर फेरीवाला समिती नेमा, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या. बाबांची गाडी चालायच्या पट्ट्यात होती, हेही कबूल. पण बाजूला सरकायला दुसरा पट्टा होता कुठे? रंगाने चौकोन आखून दिला असता तर ते त्यातच उभे राहिले असते. रोज सकाळी गाडी उचलली जाईल या धास्तीपेक्षा ते बरं.

सोलापुरी_शेंगाचटणी

पुणेकरांनो, तुमच्याकडे फुटपाथ तुटतो. आमच्या गल्लीत तुटायला तो आधी असावा लागेल. तरी गंमत बघा, तिथे म्हातारी माणसं निवांत चालतात. गल्ली इतकी अरुंद की कुणी वीसच्या वर गाडी हाकूच शकत नाही. गेल्या वर्षी रुंदीकरण झालं. आता आजोबा दारातच खुर्ची टाकून बसतात.

गिअर_गणेश

जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? १९७६ मध्ये दहा वर्षांच्या हमीवर केलेलं डांबर, नंतर दशकानुदशकं खड्डा नाही. त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. आता रविवारी मुलीला घेऊन तिथल्या बाकांवर आणि खेळण्यांवर जातो, हेही सांगून टाकतो. पण फुटपाथ रुंद झाला की स्कूटरवाले त्यावर चढतात, त्याचं काय?

पांढरी_काठी

मग खांब रोवतात. आणि व्हीलचेअर अडते. माझ्या मित्राची खुर्ची ७० सेंटीमीटर रुंद आहे.

रेखांकन

आणि स्कूटरचं हँडलही साधारण तेवढंच. व्हीलचेअर जाईल अशा फटीतून स्कूटर जातेच, हे मी टेप लावून अनेकदा करून पाहिलंय. ड्रॉइंगमध्ये याला उत्तर नाही. तिथे दंडाची पावतीच लागते. पण म्हणून खुर्चीची वाट बंद करणं हा उपाय असू शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळ्या फुटपाथचा हक्क जगण्याच्या हक्कात, कलम २१ मध्ये धरला. पुणे महापालिकेचं पादचारी धोरणही २०१६ पासून आहे. कागद भरपूर आहेत.

चालतीबोलती, रविवार संध्याकाळ

अपडेट. सोसायटीच्या सभेत विषय घेतला. सेक्रेटरींचं पहिलं वाक्य: "गाडी घासेल." मग आईनेच टेप काढली आणि त्यांच्याच गाडीखाली धरली. १७ सेंटीमीटर मोकळे. सभेत हशा, पण विषय मंजूर. आता प्रश्न असा की गेटाशी फुटपाथ उचलायचा तर तो महापालिकेचा. आपणच गवंडी लावला तर चालेल?

रेखांकन

नाही. फुटपाथला हात लावू नका. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, सोबत सभेचा ठराव, मोजमापं आणि फोटो जोडा, पोच घ्या. तुमच्या हद्दीत गेटाच्या आतला उतार आणि जाळीची गटार मात्र आत्ताच करून ठेवा, म्हणजे "पाणी तुंबेल" ही सबब उरणार नाही. चढाच्या माथ्यावर टोक ठेवू नका, गोलाई द्या. घासते ती टोकामुळे, उंचीमुळे नव्हे.

कालव्याकाठी

शेजारच्या दहा गेटांनाही ठरावाची प्रत द्या. एकट्या तुमच्या गेटाशी उचलला तर काकूंच्या चव्वेचाळीस चढ-उतारांतले चारच कमी होतील.

चालतीबोलती

दोन सोसायट्या हो म्हणाल्यात. एका बंगल्याच्या काकांनी कुत्रा सोडायची धमकी दिली. जाळीसाठी गवंडी शनिवारी येतोय. फटी आडव्या, लिहून ठेवलंय. टेप आईकडेच आहे, ती म्हणतेय मापं मीच घेणार.